मदत हवी आहे: मेकॅनिकलला असताना इलेक्ट्रिकलचा कंट्रोल सिस्टीम्स, आधी काय करावं?

नमस्कार मंडळी. तिसऱ्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह म्हणून हा विषय घ्यायचा आहे. लाप्लास येतं, स्प्रिंग-मास-डॅम्पर पक्कं आहे. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्परच्या जागी रेझिस्टन्स, इथवर अडत नाही.

घोडं अडतं ते सर्किटं एकमेकांना जोडल्यावर. १० किलो-ओहम आणि १ मायक्रोफॅरडचा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर घ्या, टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. असे दोन एकामागे एक लावले की ट्रान्सफर फंक्शनचा (लाप्लासमधलं आउटपुट भागिले इनपुट) सरळ गुणाकार चुकतो. दुसरा फिल्टर पहिल्यातून करंट ओढतो, त्यामुळे छेदात एसचा (लाप्लासमधलं चल) गुणक २आरसीऐवजी ३आरसी येतो. मध्ये ऑप-अँपचा बफर (करंट जवळपास न ओढता व्होल्टेज तसंच पुढे देणारं सर्किट) टाकला की गुणाकार बरोबर. ब्लॉक डायग्राममध्ये हे लोडिंग दिसतच नाही, म्हणून आपल्याकडची मुलं इथे हमखास फसतात.

सत्राला चार आठवडे आहेत. थेवेनिन, इम्पिडन्स, ऑप-अँप आणि बॅक-ईएमएफसकट (मोटर फिरताना तिच्यातच तयार होणारं उलट व्होल्टेज) डीसी मोटरचं मॉडेल एवढ्यावर भागेल का, की थ्री-फेजही लागेल? बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेजचा आलेख) हाताने काढायचा सराव आत्ताच करावा, की रूट लोकस (गेन बदलला की छेदाची मुळं कशी सरकतात त्याचा आलेख) झाल्यावर? हा विषय शिकवलेल्यांनी किंवा दुसऱ्या ब्रँचमधून घेतलेल्यांनी कृपया क्रम सांगा.