मदत हवी आहे : आठवीचा पोवाडा लाइव्ह बसवायचाय, आवाज फुटलेल्या मुलांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. नेमणूक मराठीची, पण पेटी वाजवता येते हे कळल्यावर संगीताच्या तासिकाही माझ्याच गळ्यात पडल्या. सातवी-आठवीला आठवड्यातून एक तास. स्वरांचे अलंकार (सरावाचे पलटे) आणि तालाच्या मात्रा वहीत उतरवून घेतल्या की मुलं जांभया देतात. म्हणून यंदा सगळं संगीत एका प्रयोगाभोवती शिकवायचं ठरवलंय: स्नेहसंमेलनात पोवाडा. गाणारी, वाजवणारी, लिहिणारी सगळी मुलंच.

विषय १९७२चा दुष्काळ. मुलांनी घरोघरी आजी-आजोबांना विचारून माहिती आणली. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, खडी फोडायची कामं, तिथे मिळणारी सुकडी, पाझर तलाव. त्यातून हे जमलं:

सन बाहत्तर साल आलं, पानी पाताळात गेलं
गावच्या माळावरती तळ्याचं काम निघालं, जी जी रं जी

केरवा ताल फळ्यावर न लिहिता शिकून झाला, कारण ओळ तालात बसेना तेव्हा मुलं स्वतःच टाळ्या मारून मात्रा मोजायला लागली.

आता अडचणी. मुली आणि सातवीची मुलं काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) मोकळी गातात. आठवीतल्या बऱ्याच मुलांचा आवाज फुटलाय. वर गेलं की चिरकतो, बाकीचे खिदळतात. लयीला सगळ्यात पक्का असलेला मुलगा आता तोंडच उघडत नाही. काळी एकला उतरले तर मुली पुटपुटतात. त्यात मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, पाहुणे असतात, ट्रॅक लावून टाका." आणि कार्यक्रम डिसेंबरात, रात्री, उघड्या मैदानावर. दवाने डफ भद्द वाजतो, त्याला काय करतात?

झीलकरी
ताई, पट्टी अजिबात बदलू नका, चाल वाटून घ्या. पोवाड्याची रचनाच तुमच्या सोयीची आहे: शाहीर वर गातो, मागचे झील धरतात, म्हणजे "जी जी रं जी"ची साथ देतात. मुलींना शाहीर करा. झीलेची चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) मध्य गंधारापर्यंतच (मधल्या सप्तकातला ग) बांधा. काळी चारमध्ये एवढ्या टप्प्यात फुटलेला आवाज बहुतेक वेळा बसतो. बसला नाही तर त्या मुलाला पेटीवर सूर देऊ नका. आधी त्याला सहज गुणगुणू द्या, तो कुठे थांबतो ते पेटीवर शोधा. आणि ही तपासणी वर्गासमोर नको, एकेकट्याची करा.

पांढरी_पाच
सहमत. फक्त "आवाज फुटलाय ना, मग तू डफ घे" असं करू नका. मुलाला ते बरोबर कळतं. चौकांच्या (पोवाड्याच्या कडव्यांच्या) मधलं गद्य कथन त्याला द्या. तिथे घोगरा आवाज शोभतो. लय पक्की आहे तर बोलता बोलता समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) झील उचलून देईल.

मांडववाला
माइकचं सांगतो. स्पीकर मुलांच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागे ठेवले की माइक शिट्टी मारणारच. पेटीला वेगळा माइक हवा, आणि एक छोटा स्पीकर मुलांकडे तोंड करून. शाळेच्या कार्यक्रमात पोरं बेसूर होतात ती बऱ्याचदा पेटी ऐकू येत नाही म्हणून. डफ शेकून घ्या, पण आचेपासून हातभर लांब धरून, फिरवत. एका जागी धरला तर कातडं जातं. कातड्याऐवजी फायबरचं पान असलेला डफ दवाला दाद देत नाही, पण आवाज डब्यासारखा. मी तर शेकलेलाच घेईन.

झीलकरी
मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. एक चौक परिपाठात करून दाखवा, मग पालकसभेत दोन. शिवाय ट्रॅक थांबत नाही. मूल ओळ विसरलं की फजिती तिथेच होते. लाइव्हमध्ये झीलकरी "जी जी रं जी" दोनदा जास्त घेतात, तेवढ्यात शाहिराला ओळ आठवते. ही सांभाळून घ्यायची तालीम मुद्दाम करा: मधेच एखाद्याला खूण करून गप्प बसवायचं आणि बाकीच्यांनी ओढून न्यायचं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. झील खाली घेऊन पाहिली. त्या मुलाने अजून गायलेलं नाही, पण कथन करायला तयार झालाय. आता नवीनच भानगड: शेवटच्या चौकात लय पळते. डफवाला म्हणतो ढोलकी पळते, ढोलकीवाली म्हणते डफ. कोणाला धरू?

मांडववाला
दोघांना सोडा, तुणतुण्याला धरा. ते वाजवणारा पोरगा दोघांच्या मधे उभा करा आणि त्याच्या हाताकडे बघून वाजवायला सांगा. तुणतुणं आहे ना शाळेत?