प्रति: 'वर' म्हणजे ऑन, 'मध्ये' म्हणजे इन?
मराठीतल्या 'वर'ला इंग्रजीत ऑन, 'मध्ये'ला इन, एवढं पाठ केलं की भागतं, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. ते दादर स्टेशनवरच कोलमडतं. आपण 'स्टेशनवर भेट' म्हणतो, इंग्रजीत मात्र 'ॲट दादर स्टेशन'. ऑन लागतं ते प्लॅटफॉर्मला. उलट आपण लोकल'मध्ये' असतो, तर इंग्रजीत 'ऑन द ट्रेन'. ज्यात उभं राहून चालता येतं त्या बस, ट्रेन, विमानाला ऑन. वाकून शिरावं लागतं त्या टॅक्सी-रिक्षाला इन. (सकाळच्या विरार लोकलमध्ये कोण चालतंय, ते सोडा.)

पण खरा घोळ 'पर्यंत' घालतो आणि त्याचं नाव अजून कुणी काढलं नाही. 'पाचपर्यंत रिपोर्ट पाठवतो' यात काम एकदाच होऊन संपतं, म्हणून 'बाय फाइव्ह'. 'पाचपर्यंत ऑफिसात आहे' यात स्थिती चालू राहते, म्हणून 'टिल फाइव्ह'. मेलमध्ये पहिल्या ठिकाणी टिल लिहिलं, तर पाच वाजेपर्यंत पाठवतच राहणार असा अर्थ होतो. अडलं तर मराठी वाक्यात 'च्या आत' घालून बघा. 'पाचच्या आत पाठवतो' बसतं, तिथे बाय; 'पाचच्या आत ऑफिसात आहे' बसत नाही, तिथे टिल. 'पासून'चंही तसंच: २०१९पासून असेल तर सिन्स, दोन वर्षांपासून असेल तर फॉर. आणि 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नकोच, 'बद्दल' त्या क्रियापदातच मुरलेलं असतं.