खून, सुविचार आणि दळणातला फोन

(धुळे, देवपूर. आमच्या सोसायटीचा ग्रुप, मंगळवार सकाळ)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. काल पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं. मी लगेच टाकलं, ‘मोटारी लावा’. त्याच्यावर आप्पांचा ‘आजचा ऐतिहासिक गुन्हा’, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून, त्याच्यावर काकूंचा सुविचार, त्याच्यावर वहिनींचा लिंबाच्या सालांचा घरगुती उपाय. माझा निरोप कुठल्या कुठे गेला. सात घरांच्या टाक्या कोरड्या. हे रोजचे डोस बंद करायचे का ते बोला.

आप्पा ३०१: मी चारला उठतो, माझा काय दोष? तरी खून ३० ऑगस्ट १७७३चा होता, अर्धा तास थांबला असता, हे मान्य.

भाऊ २०३: आप्पा, तुमच्या त्या मेसेजपासून आमचा बारक्या ‘काका, मला वाचवा’ ओरडत जिन्यात पळतोय. काल खालचे काका खरंच काठी घेऊन वर आले.

आप्पा ३०१: मग इतिहास पोचला म्हणायचा. त्याला ‘ध’चा ‘मा’ सांगू नका पण. ती आख्यायिका. आनंदीबाईंनी खाडाखोड केलेला कागद कुणी पाहिलेला नाही. रामशास्त्र्यांनी राघोबाला दोषी धरलं, ते सांगा.

सर ४०१: काकू, रागावू नका, पण कालचा सुविचार बहिणाबाईंचा नाही. त्यात ‘पॉझिटिव्ह’ शब्द आहे. आसोद्याची लेक, जन्म १८८०चा, अक्षरओळख नाही. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचा. त्या कुठून ‘पॉझिटिव्ह’ म्हणतील?

काकू १०२: मला आलं तसं मी पुढे ढकललं सर. खाली नाव होतं, फोटो होता, गुलाबाचं फूल होतं. आता खरा सुविचार कुठून आणू रोजच्या रोज?

सर ४०१: आपल्या जेलमधून आणा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले, आणि त्यातच साने गुरुजी भराभर लिहून घेतायत. ते तिथे नसते तर आज आपल्या हाती काही नसतं.

काकू १०२: अगं बाई! म्हणजे आप्पांचे कैदी आणि माझा सुविचार एकाच भिंतीआड 🙏

आप्पा ३०१: उद्यासाठी मीही गावचंच काढून ठेवलंय. १४ एप्रिल १९४४, चिमठाण्याची लूट. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना वाटेत अडवला. जवळजवळ साडेपाच लाख. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, ही साताऱ्याकडची प्रतिसरकारची माणसं. तिकडून इथवर येऊन हात मारला!

भाऊ २०३: आप्पा, एक मिनिट. हे तुम्ही ‘आजचा ऐतिहासिक गुन्हा’ म्हणून टाकणार?

आप्पा ३०१: रोजचं हेडिंग तेच आहे.

भाऊ २०३: मग टाकू नका. आमची आत्या तिकडे दिलेली. त्या रस्त्याने गेलो की आतेमामा एसटीतूनसुद्धा हात जोडायचे. तिथे स्मारक आहे, आणि तुम्ही त्याला गुन्हा म्हणता?

आप्पा ३०१: मी नाही म्हणत भाऊ, इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडाच. सरकारी पैसा, रस्त्यात अडवणूक, हत्यारं. कलमं लावायला अजून काय लागतं?

सर ४०१: दप्तर कुणाचं त्यावर आहे ते. स्वतःच्या घरी एक पैसा नेला नाही त्यांनी, प्रतिसरकार चालवायला वापरला. नारायणरावाला मारणारे गारदी आणि हे एका हेडिंगखाली बसत नाहीत आप्पा.

आप्पा ३०१: हं. हेडिंग बदलतो. ‘आजचा खजिना’. चालेल?

भाऊ २०३: पळेल.

आप्पा ३०१: आणि गंमत बघा, त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडालं. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. सरकारला एका दिवसात दोन्हीकडून. पण ते परवा टाकतो.

सेक्रेटरी: विषय पाण्याचा होता हो.

काकू १०२: अहो, वहिनी कालपासून गप्प का आहेत? लिंबाच्या सालांनंतर एकही उपाय नाही.

वहिनी २०४: काय सांगू काकू. काल सकाळी फोन बादलीत पडला. मीच इथे टाकलं होतं ना, भिजलेला फोन तांदळात ठेवा म्हणून? तांदूळ निघाले मूठभर. मग कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद काढून ठेवलेला डबा होता, त्यात खुपसला. सासूबाईंना पत्ता नाही. त्यांनी डबा पुतण्याच्या हातात दिला आणि चक्कीवर धाडलं. मी येऊन बघते तर डबा गायब. ह्यांच्या फोनवरून माझाच नंबर लावला. तिकडून चक्कीवाला: ‘वहिनी, तुमना दयनमा फोन निंघना!’ अर्धं दळण झालेलं होतं. माझी रिंगटोन ऐकून त्याने पट्टा थांबवला, नाहीतर भाकरीत आला असता.

भाऊ २०३: वहिनी, तांदळात ठेवूच नये. कण चार्जिंगच्या भोकात जातो. बंद करायचा, पुसायचा, वाऱ्याला ठेवायचा.

वहिनी २०४: बंद केला असता तर वाजला असता का?

सेक्रेटरी: ठरलं. पाण्याचा वेगळा ग्रुप काढतो, त्यात फक्त ॲडमिन लिहिणार. इथे खून, लूट, गीता, काय हवं ते घाला.

वहिनी २०४: थांबा, माझं राहिलंच. भोकात खरंच उडदाचा तुकडा अडकलाय. सुईने निघत नाही. कुणाकडे काही उपाय?

आप्पा ३०१: राहू दे. आपली खानदेशी फौजदारी डाळ म्हणायचं तिला.