ऑकलंड: मॅनेजर्स सर्टिफिकेट आणि ड्रिंक-ड्राइव्हची शिक्षा

मानुकाऊचा_मामा:
भाचा 24 वर्षांचा, बॉटल स्टोअरमध्ये (दारूच्या दुकानात) काउंटरवर असतो. एलसीक्यू, म्हणजे मॅनेजर व्हायला लागणारी पात्रता, झालीय. 20 महिन्यांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टात शिक्षा झाली, श्वासाचं रीडिंग 430 (लिटरमागे मायक्रोग्रॅम). दंड भरला, लायसन्स परत मिळालं, नंतर काही नाही. मालक म्हणतो, फॉर्मवर लिहू नकोस, क्लीन स्लेट (जुनी शिक्षा न सांगण्याची मुभा देणारा कायदा) आहे ना. दारूविक्रीवर देखरेख करायला लागणाऱ्या मॅनेजर्स सर्टिफिकेटसाठी आत्ता अर्ज करावा का?

लायसन्सवाला:
मालकाचं ऐकू नका. क्लीन स्लेटला शेवटच्या शिक्षेपासून सात वर्षं कोरी लागतात. रीडिंग 250 ते 400 मध्ये असतं तर कोर्टाशिवाय नुसता इन्फ्रिंजमेंटचा दंड झाला असता, तो गुन्हा म्हणून नोंदवला जात नाही. 430 म्हणजे नोंद झालीच. अर्ज पोलिसांकडे जातोच, तिथे ती दिसते. मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच महागात पडतं.

अशा एकट्या गुन्ह्याला साधारण दोन वर्षं कोरी पाहतात. गंभीर किंवा दारूशी निगडित वारंवार प्रकार असेल तर पाच. हे 1995 च्या एका निकालातलं मोजमाप, कायद्यातला आकडा नव्हे, पण पोलीस अजून त्यावरच बोट ठेवतात. चार महिने थांबा. फी 316.25 डॉलर आहे, विरोधाला निमंत्रण देऊन ती कशाला घालवायची?

पोन्सनबी_पाटील:
न्यूझीलंडच्या दारूविक्री कायद्याच्या कलम 222 मध्ये शिक्षा हा एकच मुद्दा नाही. लायकी, अलीकडचा अनुभव, प्रशिक्षण, लायसन्सिंग इन्स्पेक्टर आणि पोलिसांचे अहवाल, हे सगळं बघतात. "मेहनती आणि प्रामाणिक मुलगा" असलं पत्र कुणी वाचत नाही. मालकाकडून नेमकं लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून, कोणत्या शिफ्टला, आयडी कोण तपासतं, नकार दिलेल्यांची नोंद कोण ठेवतं. नुसता गल्ला सांभाळणं म्हणजे दुकान चालवणं नव्हे, आणि अनुभव कच्चा असेल तर इन्स्पेक्टर तिथेच पकडतो.

इन्स्पेक्टरच्या मुलाखतीत आपल्या मुलांची दांडी हमखास आयडीवर उडते. "ओळखीचा मुलगा भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवतो, विकशील?" उत्तर नाही. पासपोर्ट कुठल्याही देशाचा चालतो. लायसन्स मात्र न्यूझीलंडचंच, नाहीतर कीवी ॲक्सेस कार्ड (तिथलं वयाच्या पुराव्याचं ओळखपत्र). नशेत कोण, हेही विचारतात: बोलणं, तोल, दिसणं, वागणं, यातल्या दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या की विक्री बंद. पाठ करून जाऊ नका, काउंटरवर प्रत्यक्ष काय कराल ते सांगा.

मानुकाऊचा_मामा:
आणि तोवर मालक त्याला रात्री एकट्याला बसवतोय, ते चालतं का?

लायसन्सवाला:
नाही. दारूची विक्री चालू असेतोवर ड्यूटीवर सर्टिफिकेटवाला मॅनेजर हवा, त्याचं नावही दुकानात लावलेलं हवं. टेम्पररी (सर्टिफिकेट नसलेल्या, तात्पुरत्या) मॅनेजरची सोय आहे, पण ती नेमलेला मॅनेजर आजारी, गैरहजर किंवा सोडून गेला तरच, आणि त्यात दोन कामकाजाच्या दिवसांत सर्टिफिकेटचा अर्ज टाकावा लागतो. त्या एकट्याच्या शिफ्टा पत्रात अनुभव म्हणून लिहिल्या तर मालकही अडकेल आणि मुलाच्या लायकीवरही प्रश्न येईल. आजपासूनच सर्टिफिकेटवाल्याबरोबर शिफ्ट मागून घ्या. पहिलं सर्टिफिकेट एकाच वर्षाचं असतं, नूतनीकरणालाही हेच सगळं परत बघतात.