जुन्या सागवानी कपाटातून भातुकलीचा ओटा कसा करावा?

डोंबिवलीकर :
आजोळच्या घराची आवराआवर करताना एक ठेंगणे सागवानी कपाट माझ्या वाट्याला आले आहे. त्याची उंची ६२ सेंटिमीटर, रुंदी ७५ आणि खोली ३८ आहे. वर एक खण, खाली दोन दारे आणि चार चौकोनी पाय. आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्याला कपाट म्हणून जागा नाही आणि ते भंगारात देणेही जिवावर येते, म्हणून पुढच्या महिन्यात तीन वर्षांच्या होणाऱ्या मुलीसाठी त्याचे खेळातले स्वयंपाकघर करावे, असा विचार आहे. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह असलेली तयार स्वयंपाकघरे दुकानात पाहिली, परंतु तिने घरात जे पाहिले आहे तेच तिला मांडता यावे असे वाटते : ओटा, दोन बर्नरची शेगडी, भांडी घासायला सिंक आणि मागे छोटी मांडणी.

माझ्याकडे ड्रिल आणि हातकरवत आहे, अनुभव मात्र बेताचाच. उंची कमी करावी का? कपाटावर किमान चाळीस वर्षांपूर्वीचा हिरवा तैलरंग आहे. तो घासून काढावा की त्यावरच नवा रंग द्यावा? आणि ओट्यावर खराखुरा कडप्पा बसवावा, अशी पत्नीची इच्छा आहे. ते जमेल का?

रंधा_पटाशी :
आधी रंगाविषयी लिहितो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात. कृपया त्या कपाटाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्यातून पिवळ्या आणि हिरव्या तैलरंगांत शिशाचे क्रोमेट हे रंगद्रव्य सर्रास वापरले जाई. कोरडे घासल्यास त्याची बारीक धूळ घरभर पसरते, आणि तीन वर्षांच्या मुलाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो भरून निघत नाही.

नवा रंग वरून चढवणे हाही उपाय नव्हे, कारण दारांच्या कडा आणि खणाच्या घसपट्ट्या एकमेकांवर घासून खालचा थर पुन्हा उघडा पडतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रंग काढण्याचे जेलसारखे रसायन लावून, थर मऊ झाल्यावर तो ओलसर असतानाच खरवडून काढा. हे काम गच्चीवर, हातमोजे आणि मास्क घालून करावे. मुलगी, तसेच घरात कोणी गर्भवती असल्यास तीही, तेथे नसावी. खरवड खाली अंथरलेल्या कागदासकट पिशवीत बांधा, जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा. हीट गन वापरू नये, कारण उष्णतेने शिशाची वाफ होऊ शकते. एवढे करण्याची तयारी नसेल तर हे कपाट खेळण्यासाठी वापरू नका, असे मी स्पष्टच सांगेन.

सागवान उघडे झाले की त्याला रंगाची गरज नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या लाखेच्या पॉलिशचे तीन-चार पातळ हात द्या. मात्र ओट्याच्या पृष्ठभागावर ते टिकणार नाही : पाण्याने पांढरे डाग पडतात आणि सॅनिटायझरने ते चक्क विरघळते. तेथे सनमायकाचा तुकडा चिकटवून कडा कानशीने मारून घ्याव्यात.

चितारआळी :
उंची कमी करावीच. तीन वर्षांचे मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असते आणि त्याच्या कोपरापेक्षा ओटा किंचित खाली हवा. म्हणजे ५० सेंटिमीटर पुरे. पाय कापताना प्रत्येक पाय वेगळा मोजू नका. कपाट सपाट फरशीवर उभे करून १२ सेंटिमीटर उंचीचा एकच ठोकळा चारही पायांना टेकवून रेघ मारा आणि तेथे कापा, म्हणजे ते डुगडुगणार नाही.

कडप्प्याचा मोह मलाही झाला होता. ६० बाय ३० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा तुकडा जवळजवळ नऊ किलो भरतो, आणि तो कपाटाच्या माथ्यावर बसतो. मूल उघड्या खणावर पाय देऊन चढते, हे गृहीत धरूनच बांधणी करावी. काळी सनमायका लावा. मुलीला तो कडप्पाच वाटेल. त्याउपरही कपाट दोन ‘एल’ पट्ट्यांनी भिंतीला पक्के करणे आवश्यक आहे, आणि मांडणी नुसती वर न ठेवता कपाटाला व भिंतीला दोन्हीकडे स्क्रूने जोडावी.

सिंकसाठी काठ असलेला स्टीलचा वाडगा उपडा ठेवून रेघ मारा, आणि त्या रेघेच्या आत सात-आठ मिलिमीटरवर दुसरे वर्तुळ काढून तेच कापा, म्हणजे वाडगा काठावर तोलला जाईल. हातकरवतीने हे जमणार नाही. जिगसॉ (वळणदार कापणारी विजेची करवत) भाड्याने आणा किंवा सुताराकडून एवढेच काम करून घ्या. खण मात्र मोजायला विसरू नका. वाडगा खोल असला तर खण बंदच होत नाही, आणि हे मला भोक पाडल्यावर कळले.

दारांविषयी दोन गोष्टी. बिजागरीच्या बाजूची फट एकतर ५ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा १२ पेक्षा अधिक असावी. मधल्या मापात बोट अडकते. जुनी कडी काढून चुंबकाची पकड बसवा, कारण मुले आत शिरून बसतात आणि दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे.

डोंबिवलीकर :
दोघांचेही मनापासून आभार. कडप्प्याचा प्रस्ताव घरात रद्द झाला आहे. शेगडीसाठी लाकडी चकत्या आणि जुन्या गॅसची बटणे वापरणार आहे. बर्नर ‘पेटल्यासारखा’ दिसावा म्हणून त्याखाली चिकटवायचे छोटे दिवे मिळतात, ते लावावेत का?

रंधा_पटाशी :
त्यात नाण्यासारखी चपटी बॅटरी असेल तर नको. ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. चकतीवर लाल रंग द्या. तो लहान मुलांना चालेल असे डब्यावर लिहिलेला पाण्यातला रंग असावा. गॅसची बटणे आरपार बोल्टने, वॉशर आणि लॉक नट घालून बसवा, नुसती चिकटवू नका. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, असे धरून चाला. सुटी पडलेली लहान बटणेही त्यात मावू शकतात.

तुळशीबाग_वारी :
सुतारकामातले मला कळत नाही, परंतु भांडी एकदम सगळी देऊ नका. आमच्या नातीला पितळी भातुकलीचा पूर्ण संच पहिल्याच दिवशी दिला, आणि ती आठवडाभर फक्त झाकणे लावत बसली. एक कढई, एक उलथणे, पोळपाट-लाटणे आणि घरातलीच दोन वाट्या-चमचे इतक्यावर सुरुवात करावी. भाज्यांसाठी सावंतवाडीची लाकडी फळे आणि भाज्या छान असतात. मात्र लहान मिरच्या आणि लिंबे वर सांगितलेल्या मापाने तपासून बाजूला ठेवा.

डोंबिवलीकर :
रंग काढायला दोन रविवार गेले. हिरव्याखाली तपकिरी आणि त्याखाली पुन्हा हिरवा निघाला. पाय कापून झाले आहेत, चारही तुकड्यांवर क्रमांक घालून ते जपून ठेवले आहेत. ती पाच वर्षांची झाली की डॉवेल (लाकडी खुंट्या) घालून परत जोडता येतील का, हे तेव्हा विचारेन.