देवाची वेळ येईल म्हणतात, पण तोवर काय करायचं?

वाटबघणारी:
लग्नाला ७ वर्षं झाली, मूल नाही. प्रार्थना रोज चालू आहे, उपास पण केले. रिपोर्ट्सची फाईल इतकी फुगलीय की परवा तिचा रबरबँड तटकन तुटला आणि सगळे कागद जमिनीवर, मी तिथेच बसून रडले. कुणालाही सांगितलं की एकच उत्तर, देवाची वेळ परफेक्ट असते. असेल हो, पण आता दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर घरातूनच ऐकायला मिळालं की हा विश्वास कमी पडल्यासारखं आहे. खरंच तसं असतं का?

जुनाच_मेंबर:
ताई, बायबलमधल्या अब्राहामाला देवाकडून संततीचं वचन मिळालं तेव्हा तो ७५ चा आणि मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. म्हणजे २५ वर्षं. मधे त्यालाही धीर धरवला नाही, बायकोच्या दासीपासून, हागारपासून, इश्माएल झाला तेव्हा तो ८६ चा होता. हे उदाहरण देऊन लोक म्हणतील बघा घाई केली की काय होतं, पण ती बिचारी दासी होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. नवराबायकोने मिळून उपचार घेणं आणि ते, यात काय साम्य आहे मला तरी कळत नाही.

कडूगोड:
मला अब्राहामाचं उदाहरण आता नको वाटतं. आपल्याला शेवट माहितीय म्हणून आपण शांतपणे वाचतो, त्याला कुठे माहीत होता! त्यापेक्षा बायबलमधलं स्तोत्र १३ वाच. पहिल्या दोनच वचनांत "कुठवर" हा प्रश्न मूळ हिब्रूत ४ वेळा आलाय. देवाला असं तोंडावर विचारलेलं चालतं, मग काकू-मावशांपुढे हसरा चेहरा कशाला ठेवायचा?

रात्रपाळी:
बायबलमधल्याच योसेफाकडे बघा ना. १७ चा असताना गुलाम म्हणून विकला गेला, फारोपुढे म्हणजे मिसरच्या राजापुढे उभा राहिला ३० व्या वर्षी. आणि तुरुंगात काय केलं तर प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणारा सेवक) स्वप्नाचा अर्थ सांगून वर म्हणाला माझं नाव फारोकडे काढ, आपल्या भाषेत सरळ वशिला 😄 तो विसरला आणि अजून २ वर्षं गेली ते वेगळं. पण त्या विनंतीवरून त्याचा विश्वास कमी होता असं मी तरी कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही.
माझी नोकरी ३ वर्षांनी लागली, तोवर बाबा गेले होते. सगळे म्हणाले बघ, योग्य वेळी झालं. मी हो म्हणालो, पण मनातून आजही पटलेलं नाही. प्रार्थना मात्र सुटली नाही, का ते सांगता येत नाही.

वाटबघणारी:
रात्रपाळी, वशिला वाचून खूप दिवसांनी हसले. नवऱ्याला पण वाचून दाखवलं, तो म्हणाला मग आपण कशाला लाजायचं. कागद तारखेप्रमाणे लावून फाईलला नवीन रबरबँड घातलाय. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली.