मदत हवी आहे: मलेरियात पाणथरी (स्प्लीन) फुटली, ऑपरेशन टळलेलं कुणी आहे का?

लालबागहून लिहितोय. धाकटा भाऊ, वय २९, व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. पाचव्या दिवशी पोटात डावीकडे कळ आली आणि डावा खांदा दुखायला लागला. पडला नाही, कुठे आपटला नाही. आई बाम चोळत बसली; मीही म्हटलं, वेडावाकडा झोपला असेल. संध्याकाळी मोरीतून येताना उंबऱ्यातच बसला. अंग गार, बनियन घामाने चिंब.

सोनोग्राफीत पोटात रक्त, सीटी स्कॅनमध्ये प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, फाटलेली. दोन पिशव्या रक्त चढवलंय. आता बीपी स्थिर, हिमोग्लोबिन ८.४ वर टिकून आहे. सर्जन म्हणतात, असाच राहिला तर चाकू लावायचा नाही. घसरला तर एम्बोलायझेशन करून रक्तवाहिनी आतून बंद करायची, नाहीतर पाणथरीच काढायची. काढली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागणार.

तुमच्या घरी कुणाचं असं न कापता बरं झालंय का? अंथरुणात किती दिवस? हा पार्सलची ओझी उचलतो; तुमचा पेशंट पुन्हा कामाला कधी लागला? सीटी परत काढला का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सांगा. काढे मात्र सुचवू नका, प्लीज.